फोटोतली विहीर

बँकेच्या नोकरीत मी छत्तीस वर्षं फोटो पाहिले. पासबुकावरचे, कर्जाच्या अर्जावरचे, जामीनदाराचे. असल्या फोटोंत माणूस काहीतरी गुन्हा करताना सापडल्यासारखा समोर बघत असतो. पण माझ्या लक्षात राहिलेले फोटो म्हशींचे आहेत. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या जनावरांसाठी कर्जं दिली जात. कर्जदार, म्हैस आणि म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला, हे तिघं एका फोटोत आले की आमची फाईल पूर्ण. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पाच फायली टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पाचही फोटोंत एकच म्हैस! डाव्या शिंगाचं टोक मोडलेली. कर्जदार पाच, म्हैस एक. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि मला मात्र तो गोड लागेना.

सांगायचा मुद्दा असा, की फोटो म्हणजे पुरावा एवढीच माझी समजूत होती. फोटो चिकटवला, त्यावर सही-शिक्का मारला, विषय संपला. फोटोने विषय सुरूही करता येतो, हे मला कळायला निवृत्तीचा महिना उजाडावा लागला.

ते असं झालं. २०१९च्या मार्च महिन्यात आम्हा निवृत्त होणाऱ्या बावीस अधिकाऱ्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. पहिला दिवस पेन्शन, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा आणि मृत्युपत्र यांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये शिरलो तर खुर्च्या भिंतीला लावलेल्या आणि मधोमध सतरंजी. सतरंजीवर पन्नास-साठ फोटो पसरलेले. पोस्टकार्डाहून थोडे मोठे, बरेचसे कृष्णधवल. रिकामा बाक, पुलाखालून वाहणारं पाणी, दोरीवर वाळणारे कपडे, एस.टी.ची मागची काच, चुलीवरचं पातेलं. आमच्यातला एक जण म्हणाला, "काय मॅडम, पत्ते कुटायचे का आज?" प्रशिक्षक बाई चाळिशीच्या असतील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं न बोलता सतरंजीभोवती फिरा. एकच प्रश्न मनात ठेवा. नोकरीतून बाहेर पडताना मी बरोबर काय घेऊन निघालोय? जो फोटो थांबवेल, तो उचला. कारण माहीत नसलं तरी चालेल."

आयुष्यभर कारणं लिहून ठेवणारी माणसं आम्ही. 'कारण माहीत नसलं तरी चालेल' हे वाक्य आम्हाला कोणी कधी ऐकवलंच नव्हतं.

वसुलीच्या कामात ज्यांचं नाव काढलं की शाखा व्यवस्थापकांच्या पोटात गोळा यायचा, असे एक सहकारी आमच्यात होते. त्यांनी उंबऱ्यावर काढून ठेवलेल्या लहान मुलाच्या बुटांचा फोटो उचलला. आधी फोटोत काय दिसतं ते सांगायचं, मग तो का घेतला ते, असा नियम होता. ते म्हणाले, "बूट आहेत. डाव्याची नाडी सुटलेली आहे." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मुलीचे बूट कधी लहान व्हायचे ते मला कळायचंच नाही. दर तीन वर्षांनी बदली. ती बारावी होईपर्यंत मी शनिवारी रात्री घरी आणि सोमवारी पहाटेच्या गाडीला." एवढंच बोलले. कोणी चेष्टा केली नाही. वीस वर्षांच्या ओळखीत त्यांना मुलगी आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी दगडी विहिरीचा फोटो उचलला होता. आत उतरणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी काळोख. काय बोलायचं ते मी मनाशी पक्कं केलं होतं. कादंबऱ्या लिहिणारा माणूस, तेव्हा 'अनुभवांची विहीर', 'लेखणीचा पोहरा' असं काहीतरी टाळ्या घेणारं. पण "विहीर आहे, पायऱ्या आहेत, पाणी दिसत नाही" एवढं बोललो आणि पुढचं ठरवलेलं वाक्य काही येईना. त्याऐवजी तेहेतीस वर्षांपूर्वीचा एक शेतकरी समोर येऊन उभा राहिला.

१९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका शाखेत कृषी कर्जं बघत होतो. त्या शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज दिलं होतं. तपासणीला मोटारसायकलवरून गेलो. तो काठावर बसला होता. मी विचारलं, "काय, काम कुठवर आलं?" तो म्हणाला, "सायेब, मी खाली खाली चाललोय आन् पाणी काही दिसंना." मी विहिरीत डोकावलो, अंदाजाने खोली विचारली आणि अहवालात लिहिलं : 'काम चालू. पाणी लागलेले नाही.' चहा घेऊन निघालो.

वर्षभराने हप्ता थकला म्हणून गेलो तर घराला कुलूप. जमीन सावकाराच्या घशात आणि कुटुंब कुठे शहराकडे गेलेलं, गावात कोणाला नक्की माहीत नव्हतं. रीतीप्रमाणे दारावर नोटीस चिकटवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. तो मला पुन्हा कधी दिसला नाही. त्या दिवशी काठावर बसून तो विहिरीबद्दल बोलत नव्हता, किंवा केवळ विहिरीबद्दल बोलत नव्हता, हे मला सतरंजीवर बसून, निवृत्तीला दहा दिवस उरले असताना कळलं. माझा अहवाल बिनचूक होता. पण मी "कुठवर खाली गेलायस? वर दोर धरायला कोण आहे?" एवढं विचारलं असतं तर सावकाराचं नाव त्याच्या तोंडून तेव्हाच आलं असतं की काय, कोण जाणे.

असो. त्या दिवशी घरी आलो ते हे काय प्रकरण आहे याचा शोध घ्यायचं ठरवूनच. 'कोचिंग' म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात. पण हल्ली नोकरीतल्या, संसारातल्या किंवा निवृत्तीच्या वळणावर माणसाला स्वतःचा स्वतः मार्ग सापडावा म्हणून जे संवाद घडवले जातात, त्यांनाही कोचिंगच म्हणतात. त्यात आणि गटांच्या चर्चांत फोटोंचा वापर बराच होतो. त्यामागचा इतिहास साठ-सत्तर वर्षांचा आहे.

जॉन कॉलियर नावाचा अमेरिकन छायाचित्रकार १९५०च्या दशकात मानसिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका तुकडीबरोबर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडच्या भागात काम करत होता. त्याने काही मुलाखती नुसते प्रश्न विचारून घेतल्या आणि काही लोकांपुढे त्यांच्याच परिसराचे फोटो ठेवून. नुसत्या प्रश्नांच्या मुलाखती भरकटत, लोक कंटाळत. फोटो समोर असला की तीच माणसं नेमकं आणि पुष्कळ बोलत. १९५७मध्ये त्याने हे प्रयोग लिहून प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये लिआँ शहरात १९६५च्या सुमाराला मानसशास्त्राच्या जाणकारांना वेगळीच अडचण आली. गटात बसवलेली किशोरवयीन मुलं तोंडच उघडत नसत. त्यांच्यापुढे कृष्णधवल फोटो पसरले आणि "एक निवडा" म्हटलं, तशी ती बोलती झाली. त्यातून 'फोटोलँग्वाज' नावाची पद्धत तयार झाली. आमच्या सतरंजीचं मूळ बहुधा तिथलंच. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६३मध्ये, ब्राझीलच्या आंजिकोस गावात पाउलो फ्रेरी यांनी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत लिहाय-वाचायला शिकवण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. त्यातही अक्षरांच्या आधी चित्रं होती, त्या लोकांच्या रोजच्या जगण्याची. आधी चित्रावर बोलायचं, मग अक्षर गिरवायचं.

हे सगळं वाचताना मला गंमत वाटली, कारण मी मूळचा कुडाळकडचा. आमच्या शेजारच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. एकेक चित्र समोर धरायचं, तालावर रामायण-महाभारतातली कथा सांगायची, चित्र बदललं की कथा पुढे सरकते. लहानपणी देवळात हे पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती, पण तिचा अर्थ कळला नव्हता. सीतेच्या दुःखाच्या चित्रापाशी बायका डोळे पुसत आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारत नसे. रडू सीतेसाठी होतं, नाही का? चित्र असं आडोसा देतं. "तुला काय होतंय?" असं तोंडावर विचारलं तर माणूस "काही नाही" म्हणतो. दोघांच्या मध्ये एक चित्र ठेवलं की दोघंही चित्राकडे बघतात, एकमेकांकडे नाही, आणि मग बोलणं सोपं जातं.

आणि खरं सांगायचं तर चित्रं आपल्या बोलण्यात आधीपासूनच असतात. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघा अभ्यासकांनी १९८०मध्ये एक पुस्तक लिहून दाखवून दिलं, की रूपक हा केवळ कवींचा दागिना नाही, आपण सगळे रोजचा विचारच रूपकांतून करतो. बँकेत बसून मी कर्जासाठी किती शब्द ऐकले! कोणी म्हणे डोंगर, कोणी गळ्यातली धोंड, कोणी मानेवरचं जू. आमच्या वहीत सगळ्यांना एकच शब्द : थकबाकी. पण डोंगर चढता येतो, निदान वळसा घालता येतो. धोंड गळ्यातून काढायला दुसऱ्याचा हात लागतो. आणि जुवाखाली जोडीला दुसरा बैल असतो, तो कोण? मूळचे न्यूझीलंडचे मानसोपचारक डेव्हिड ग्रोव्ह यांनी १९८०च्या दशकात यावरच एक पद्धत बसवली. समोरच्याच्या तोंडी जे रूपक आलं, तेच शब्द उचलून साधा प्रश्न करायचा : कसली धोंड? कुठे आहे ती? तिच्याबद्दल आणखी काही? आपलं रूपक त्याच्यावर लादायचं नाही. वाचायला हे फार सोपं वाटतं. करायला गेल्यावर काय होतं, ते आता सांगतो.

निवृत्तीनंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून मी महिला बचत गटांना हिशेब आणि बँकेचे व्यवहार शिकवायला जाऊ लागलो. नाबार्डने १९९२मध्ये पाचशे गटांपासून बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून या कामाशी माझा संबंध होताच. उत्साहाच्या भरात मी फोटोंचा गठ्ठाही घेऊन गेलो. पहिली चूक गठ्ठ्यातच होती. मी गुळगुळीत कॅलेंडरांतले फोटो कापले होते : बर्फाचे डोंगर, सूर्यास्त, फुलांचे ताटवे. बायकांनी ते हातात घेतले, "छान आहे" म्हणाल्या आणि परत ठेवले. सुंदर फोटोवर बोलण्यासारखं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या वेळी अर्धवट बांधलेली भिंत, हातपंप, एस.टी. स्टँडवरचं गाठोडं, वाळलेलं झाड, पेटलेला एकच दिवा, बंद दार असे फोटो नेले, आणि बोलणं सुरू झालं.

दुसरी चूक मोठी. गटातल्या एका तिशीतल्या बाईंनी कडी-कुलूप घातलेल्या दाराचा फोटो निवडला. त्या विधवा आहेत हे मला आधी कोणी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दार हाय. कुलूप नवं हाय." त्या पुढे बोलणार तेवढ्यात माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. मी म्हणालो, "सगळी दारं बंद झाल्यासारखं वाटतं का, ताई?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोटो सतरंजीवर उपडा ठेवला आणि पदर सावरून बसल्या. नंतर तासभर एक अक्षर बोलल्या नाहीत.

निघताना गटाच्या अध्यक्षबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तिला गेल्या महिन्यात घरकुल मिळालं. दीर-जावांच्या घरातनं ती भाईर पडली. आयुष्यात पैल्यांदा तिच्या हातात स्वतःच्या दाराची किल्ली आली. ते सांगणार हुती ती." मला भर रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या आनंदाच्या फोटोवर मी माझं दुःख चिकटवलं होतं. पुन्हा तोच मी, अहवाल लिहून मोकळा होणारा. पुढच्या खेपेला मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. "असू द्या की," असं म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी फोटो उचलला नाही आणि मी आग्रह केला नाही.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. फोटो ज्याने उचलला त्याचा. त्याचा अर्थ त्यानेच सांगायचा, किंवा सांगायचा नाही. दुसऱ्यांनी फार तर "मला या फोटोत हेही दिसतं" म्हणावं. "तुला असं वाटतंय" असं म्हणू नये. चित्रावरून मनाचा ठाव घेण्याच्या चाचण्याही आहेत. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५मध्ये अशी एक चाचणी मांडली आणि ती पुढे जगभर गाजली. पण ते शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाचं काम. सतरंजीवर बसलेल्या तुमच्या-माझ्यासारख्याने निदान करू नये.

फोटोत काय आहे यापेक्षा काय नाही हे कधीकधी जास्त बोलतं. हार्वर्डचे प्राध्यापक जेराल्ड झाल्टमन १९९०मध्ये नेपाळला गेले तेव्हा त्यांनी खेड्यातल्या लोकांच्याच हातात कॅमेरे दिले. आलेल्या फोटोंत माणसांचे पाय कापले गेले होते. नवशिके आहेत, हात हलला असेल, असं कोणीही म्हटलं असतं. विचारल्यावर कळलं, की पाय मुद्दाम वगळले होते. अनवाणी पाय म्हणजे गरिबी, आणि शेजाऱ्याची गरिबी जगाला कशाला दाखवायची?

ही गोष्ट मला आमच्याच घरात अनुभवायला मिळाली. आई गेल्यावर कुडाळकडच्या घराचं काय करायचं, हा प्रश्न आम्हा तीन भावंडांपुढे दोन वर्षं लोंबकळत होता. दादा गावाजवळ असतो, ताई ठाण्याला, मी पुण्यात. बैठक बसली की सात-बारा, गुंठे, भाव. तासाभरात आवाज चढत आणि ताई रडत उठून जाई. शेवटी मी म्हटलं, पुढच्या वेळी कागद आणू नका, घराचा एकेक फोटो आणा.

दादाने बाबांचा फोटो आणला. पावसाआधीची शाकारणी चाललेली, बाबा कौलांवर उभे. दादा म्हणाला, "बाबांच्या नंतर तीस वर्षं मी चढतोय या छपरावर. तू मे महिन्यात यायचास ते आंबे खायला. एकदा तरी विचारलंस, कौलं किती फुटली म्हणून?" आमच्या हिशेबाच्या कागदात ही रक्कम कुठेच नव्हती. मी काय बोलणार? नव्हतंच विचारलं.

ताई रिकाम्या हाताने आली होती. म्हणाली, "सगळे अल्बम पालथे घातले. मी एकाही फोटोत नाही. ओटीवर फोटो निघायचे तेव्हा मी आणि आई माजघरात पानं वाढत असायचो." मग जरा थांबून म्हणाली, "मला पैशातला वाटा द्या नाहीतर नका देऊ. पण ते माजघर पाडण्याआधी मला तिथे एक रात्र झोपायचंय."

घर वाचलं, असं सांगून मी तुम्हाला खूश करू शकलो असतो. वाचलं नाही. २०२३मध्ये विकलं. पण दादाच्या तीस वर्षांच्या शाकारणीचा वाटा आधी बाजूला काढला आणि उरलेल्याचे तीन सारखे भाग केले. व्यवहार होण्याआधीच्या शनिवारी आम्ही तिघंही माजघरात जमिनीवर झोपलो. सकाळी ताईने ओटीवर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. भावंडांचं बोलणं टिकलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एवढी वसुली पुष्कळ झाली.

वाचकहो, हे घरी करून बघायला प्रशिक्षण लागत नाही. आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत आणि जेवणाच्या टेबलावर शांतता आहे. एखाद्या रविवारी जुन्या मासिकांतले, अल्बममधले तीस-चाळीस साधे फोटो काढा. नेत्यांचे आणि देवादिकांचे नकोत, त्यावर माणसं तयार उत्तरं देतात. जमिनीवर पसरा. प्रश्न एकच ठेवा, आणि ज्याचं उत्तर खरोखर हवंय असा ठेवा. 'मला हे वर्ष कसं गेलं?' किंवा 'या घरात मला काय हवंय?' असा. घरातल्या सर्वांत लहान माणसाला आधी बोलू द्या, नाहीतर तो वडिलांचंच उत्तर गिरवील. दोघांनी एकच फोटो उचलला तर भांडू देऊ नका, दोघांचंही ऐका. कोणाला बोलायचं नसेल तर त्याने नुसता फोटो दाखवावा. कोणाला भरून आलं तर पाणी द्या, खोदून विचारू नका. आणि कृपा करून त्यातलं काही व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

प्रशिक्षणाच्या शेवटी त्या बाईंनी विहिरीचा फोटो मला ठेवून घ्यायला दिला होता. तो माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. परवा नातीने विचारलं, "आजोबा, यात पाणी का नाही?" मला लगेच गोष्ट सांगायला सुरुवात करायची होती. पण मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती बराच वेळ फोटो डोळ्यांजवळ धरून बघत राहिली आणि म्हणाली, "आहे. पण आपण अजून तेवढ्या पायऱ्या उतरलोच नाही."